वीस तारखेनंतरचा हिशेब: घरखर्च आणि जोडकमाईबद्दलचे सात गैरसमज

पुण्याच्या हडपसरमध्ये पगार कधी झाला हे रस्त्यावरूनच कळतं. पहिल्या आठवड्यात गाडीतळाभोवतीच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. वीस तारीख उलटली की त्याच गल्ल्यांतल्या वाण्याकडे "लिहून ठेवा" ऐकू येऊ लागतं. मगरपट्ट्यात लॅपटॉप उघडणारा असो, औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणारा असो की मंडईत भाजीची पाटी मांडणारी बाई असो, प्रश्न सगळ्यांना एकच पडतो: पैसे गेले कुठे?

या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा घरातच असतं. पण ऐकीव समजुतींच्या आड ते दिसत नाही. अशा सात समजुती इथे तपासून पाहू.

गैरसमज १ : हिशेब ओढाताण असलेल्यांनी ठेवायचा. पैसा असला की वही कशाला?

वस्तुस्थिती : याचं उत्तर हडपसरनेच दिलं आहे. शहर वाढत आलं, तेव्हा मगरपट्ट्यातल्या शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी जमिनी सुट्या सुट्या विकल्या नाहीत. चारशे एकरांहून अधिक जमीन एकत्र केली, कंपनी स्थापली आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा वाटा ठरवला. एकरकमी पैसा कसा येतो आणि गाडी-बंगला-लग्नात कसा जातो, हे पुण्याच्या चारी बाजूंच्या गावांनी पाहिलं आहे. इथे उत्पन्न पुढच्या वर्षांत पसरेल अशी व्यवस्था आधी झाली. पैसा जास्त येतो तेव्हा हिशेबाची गरज वाढते, कारण गळतीही तेवढीच मोठी होते.

कमी कमाईच्या घरालाही हेच लागू आहे. मेधा पुरव-सामंत यांनी बँकेतली नोकरी सोडून १९९३ मध्ये पुण्याच्या वस्त्यांमध्ये 'अन्नपूर्णा' या संस्थेचं काम सुरू केलं. भाजी विकणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बायकांना छोटं कर्ज देतानाच बचतीची सवयही लावली. "आमच्याकडे उरतंच काय?" म्हणणाऱ्या घरांतूनच ही बचत उभी राहिली.

गैरसमज २ : वीज शंभर युनिटच्या वर गेली की सगळं बिल वरच्या दराने लागतं.

वस्तुस्थिती : तसं होत नाही. महावितरणच्या घरगुती दरात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे आहेत. वरचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो. १०५ युनिट वापरले तर पहिले १०० खालच्याच दराने धरले जातात, पाचांना तेवढा वरचा दर.

यातून कामाची एक गोष्ट निघते. वाचवलेलं युनिट नेहमी सर्वांत महागड्या टप्प्यातून कमी होतं, म्हणून थोडी बचतही बिलात ठळक दिसते. मात्र ती कुठे करायची ते कळायला हवं. दोन हजार वॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट जातं. ७५ वॉटचा जुना पंखा रोज बारा तास फिरला तर महिन्याला सुमारे २७ युनिट होतात, आणि ३० वॉटचा बीएलडीसी पंखा तेवढंच फिरून ११ युनिटच्या आत राहतो. नऊ वॉटचा एलईडी दिवा विझवण्यावरून घरात रोज वाद होतात. गिझरकडे मात्र कुणी बघत नाही.

गैरसमज ३ : भिशी म्हणजे गुंतवणूक. वर्षाअखेर चांगली रक्कम मिळते.

वस्तुस्थिती : बारा जणींची, दरमहा दोन हजारांची भिशी घ्या. जिचा नंबर पहिला लागतो, तिला २४,००० रुपये बिनव्याजी वापरायला मिळतात. जिचा शेवटी लागतो, तिला स्वतःचेच २४,००० परत मिळतात. तेच दोन हजार तिने साडेसहा टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत भरले असते, तर वर्षाला आठशे रुपयांच्या वर व्याज झालं असतं. म्हणजे भिशीत शेवटचे नंबर पहिल्या नंबरांना व्याजाविना उसने देत असतात. लिलावाच्या भिशीत गणित बदलतं. गरजवंत कमी रकमेवर भिशी उचलतो आणि उरलेले पैसे बाकीच्यांत वाटले जातात.

तरीही भिशी टाकाऊ नाही. मैत्रिणींसमोर हप्ता चुकवायची लाज वाटते, आणि अनेक घरांत तेवढीच शिस्त टिकते. ओळखीच्या, लहान गटात ती चालवावी. अनोळखी माणूस "ठरावीक परतावा" सांगून मोठी भिशी चालवत असेल तर दूर राहावं. अशा अनियंत्रित ठेवींवर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. सुरक्षित पर्याय हवा असेल तर टपाल खात्यात महिना १०० रुपयांपासून आवर्ती ठेव उघडता येते.

गैरसमज ४ : बँक काय, पतसंस्था काय, ठेव पाच लाखांपर्यंत सुरक्षितच असते.

वस्तुस्थिती : ठेव विम्याचं संरक्षण बँकांतल्या ठेवींना आहे, त्यात सहकारी बँकाही येतात. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज मिळून, पाच लाख रुपये झाली. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. गल्लीतल्या पतसंस्थेचे संचालक ओळखीचे असतात, व्याज अर्धा-एक टक्का जास्त असतं, म्हणून आयुष्याची पुंजी तिथे ठेवली जाते.

पुणेकरांना रुपी बँक आठवत असेल. २०१३ मध्ये तिच्यावर निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना रद्द झाला. या काळात ठेवीदारांनी खूप सोसलं. ठेव विमा कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदारांना विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली आहे. पतसंस्थेच्या ठेवीदाराला हाही आधार नाही.

गैरसमज ५ : डबे सुरू केले की महिना वीस हजार सहज सुटतात.

वस्तुस्थिती : आयटी पार्क आणि भाड्याने राहणारी तरुण मुलं यांमुळे हडपसरमध्ये डब्याला मागणी आहे, हे खरंच. पण गल्ला म्हणजे कमाई नव्हे. समजा, दहा डबे, प्रत्येकी ८० रुपये आणि महिन्याचे २५ दिवस, तर जमा २०,००० रुपये. किराणा आणि भाजी डब्यामागे ४५ रुपये धरली तर ११,२५० गेले. गॅसचे २,०००, पोचवायचे आणि साबण-डब्यांचे १,७५० धरा. हातात उरले ५,०००. रोजचे तीन तास म्हणजे महिन्याचे ७५ तास, तेव्हा तासाला ६६-६७ रुपये पडले.

हे पैसे कमी की पुरेसे, हे ज्याचं त्यानं ठरवावं. एखाद्या घराची शाळेची फी त्यातून निघते. मात्र घरातलं तेल-पीठ आणि व्यवसायाचं तेल-पीठ एकाच डब्यातून निघत असेल, तर हा आकडा कधीच दिसत नाही. वर्षभर राबून "काही उरलंच नाही" म्हणायची वेळ येते. म्हणून डब्यांसाठी वेगळी वही आणि वेगळं बँक खातं हवं. दोन नियमही लक्षात ठेवा: घरून अन्न विकायलाही एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, आणि घरगुती वापराचा सिलिंडर व्यवसायाला चालत नाही.

गैरसमज ६ : थोडी नोंदणी फी भरली की घरबसल्या काम मिळतं.

वस्तुस्थिती : पेन्सिल पॅकिंग असो, टायपिंग असो की व्हिडिओला लाइक करणं असो, सापळा एकाच पद्धतीचा असतो. सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात आणि विश्वास बसतो. मग "मोठ्या कामा"साठी आधी पैसे भरायला सांगतात, आणि अडकलेले सोडवण्यासाठी आणखी भरावे लागतात. काम देणारा पैसे देतो, मागत नाही, एवढी एकच कसोटी पुरेशी आहे. कमिशनच्या मोबदल्यात आपलं खातं कुणाला वापरायला देणंही जोडकमाई नव्हे. त्यातून फसवणुकीचा पैसा फिरला तर खातं गोठतं आणि पोलीस तुमच्या दारात येतात. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी तक्रार पोचली तर ते अडवता येतात.

गैरसमज ७ : आता महिना संपत आला. पुढचा पगार झाला की पहिल्या तारखेपासून लिहू.

वस्तुस्थिती : सुरुवात करायला वीस तारीखच उत्तम. पहिल्या आठवड्यात सगळेच खर्च रास्त वाटतात. तंगीत कशावाचून चालतं आणि कशावाचून नाही, हे मात्र वीस तारखेनंतरच उघडं पडतं. त्या दहा दिवसांत जे टाळलं आणि अडलं नाही, ते पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातही टाळता येतं.

साधी शंभर पानी वही घ्या. तीन रकाने आखा: ठरलेला खर्च, बदलता खर्च आणि जोडकमाई. यूपीआयने दिलेले दहा-वीस रुपयेही लिहा, कारण नोट हातातून जाताना कळते, फोनमधून जाताना कळत नाही. वही एकाच्या ताब्यात राहू नये. नवरा-बायको दोघांनी मिळून ती भरावी, मुलांनीही पाहावी. महिनाअखेर घरात "पैसे गेले कुठे?" असं कुणी विचारलं, तर आवाज चढण्याआधी वही उघडता येईल.