नकाशात शोधा नर्दुल्ला तळं

तळं : प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिराच्या (स्थापना १९ नोव्हेंबर १८०१) पूर्व-दक्षिणेला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाणीटंचाईवर उपाय म्हणून खोदलं. आकार सुमारे ३० बाय ४० मीटर. पुढे बुजवलं. भोवती तेव्हा भातखाचरं आणि माडांच्या वाड्या.

महसुली नकाशा : कोणती जमीन कोणाची, हे सांगतो. मुंबई बेटाची अशी पहिली मोजणी डिकिन्सनची, १८११ ते १८२७. दुसरी कर्नल लॉटन यांची, १८६५ ते १८७२. प्रमाण १ इंचाला ४० फूट.

स्थलदर्शक नकाशा : जमिनीचा चढउतार, पाणी, रस्ते, वस्ती दाखवतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या (स्थापना १७६७) नकाशात पाणी निळं, शेती पिवळी, झाडी हिरवी, समोच्चरेषा तपकिरी. जुनं प्रमाण १ इंचाला १ मैल, आता १:५०,०००. जुन्या क्रमांकपद्धतीत प्रभादेवी ४७ ए/१६ या पत्रकावर.

फरक केवढा? ४० मीटरची बाजू लॉटनच्या प्रमाणात ८ सेंटिमीटरहून मोठी; इंच-मैल नकाशात जेमतेम पाऊण मिलिमीटरही नाही. तळं शोधायचं तर महसुली नकाशाच उघडावा.

प्रभादेवी रेल्वे स्थानकाचं नाव : २०१८ पूर्वीच्या नकाशांत ‘एल्फिन्स्टन रोड’.