ओटा आणि त्यामागची भिंत

व्याख्यानमालेच्या कार्यक्रमपत्रिकेत संतवाङ्मय, राज्यघटना, अर्थकारण अशा भारदस्त विषयांच्या पंगतीला स्वयंपाकघराचा ओटा येऊन बसला, तर काहींना ती थट्टा वाटण्याचा संभव आहे. परंतु घर बांधताना किंवा जुने घर नव्याने करताना ज्या प्रश्नावर घरातील माणसांचे सर्वांत लवकर आणि सर्वांत तीव्र मतभेद होतात, तो प्रश्न अगदीच क्षुल्लक कसा म्हणावा? आज दुकानात गेले की विक्रेता ओट्यासाठी दगड दाखवतो आणि लगेच म्हणतो, ‘हाच दगड मागच्या भिंतीलाही लावा, सगळे एकसारखे दिसेल.’ गवंडी ज्याला डॅडो म्हणतो ती ही ओट्यामागची भिंत. ओटा आणि डॅडो एकाच जिनसाचे असावेत की वेगळे, आणि हे ठरवावे कशावरून, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. ‘सगळे एकसारखे’ ही कल्पना आपल्याकडे दुकानदाराने आणलेली नाही. आपल्या जुन्या स्वयंपाकघरात चूल, चुलीपुढचा ओटा, जमीन आणि भिंतीचा खालचा भाग हे सारे एकाच मातीचे असे आणि त्यावर एकाच शेणामातीचा हात फिरे. जमीन कोठे संपली आणि भिंत कोठे सुरू झाली, हे बोटाला कळत नसे. कारण कोपरा गोलसर सारवलेला असे. त्यात सांधाच नव्हता. शिवाय तो पृष्ठभाग टिकाऊ नव्हता, हेच त्याचे बळ होते. डाग पडला, पोपडा निघाला, तर पुढच्या सारवणात तो बुजून जाई. ओटा घरातली बाई दर चार-आठ दिवसांनी पुन्हा नवा करीत असे. त्यात तिचे किती कष्ट जात, ते आपण विसरता कामा नये. पण पृष्ठभाग अखंड असावा आणि तो पुन्हा ताजा करता यावा, ही दोन तत्त्वे तेथे आपोआप पाळली जात होती.

पुढे शहरात उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा आला, आणि त्यावर कडप्पा आला. आंध्रातील कडप्पा भागाचा हा काळा दगड महाराष्ट्रातील हजारो चाळींत आणि ब्लॉकांत पिढ्यान्‌पिढ्या टिकला. राजस्थानातील कोटा फरशीही तशीच. त्यानंतर ग्रॅनाइट आला, मग चकचकीत लाद्या, आणि अलीकडे कारखान्यात तयार होणारा, ज्याला बाजारात नुसते ‘क्वार्ट्झ’ म्हणतात तो कृत्रिम दगड. आता निवड करायची ती या सर्वांतून. ती करताना दगडाचे नाव आधी विचारू नये. आधी ओट्याचे काम काय आणि भिंतीचे काम काय, हे विचारावे.

ओट्याचे काम भार सोसण्याचे आहे. त्यावर भरलेली कळशी ठेवतात, खलबत्त्यात दाण्याचे कूट होते, नारळ फुटतो, गरम कढई उतरवतात, विळी-सुरी चालते आणि सिंकच्या कडेला दिवसभर पाणी साचते. भिंतीवर यांपैकी एकही आघात होत नाही. भिंतीच्या वाट्याला येते ती फोडणीची उडती मोहरी, हळद-तेलाचे शिंतोडे, कुकरची वाफ आणि दुधाचे उतू जाणे. म्हणजे ओट्याला कठीणपणा हवा, तर भिंतीला केवळ न शोषणारा आणि सहज पुसता येणारा चेहरा हवा. कामे दोन आहेत. दोन्ही कामे नीट करणारे एकच द्रव्य मिळाले तर उत्तमच. पण एका कामासाठी घेतलेले द्रव्य दुसऱ्या कामाला आपोआप योग्य ठरते, असे मात्र नाही.

याची साक्ष संगमरवर देतो. संगमरवर, कडप्पा आणि कोटा हे दिसायला वेगळे असले, तरी रसायनदृष्ट्या सगोत्र आहेत. तिघांचाही मुख्य घटक चुनखडीचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. या घटकाचे आणि आंबटाचे वैर आहे. लिंबू, चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक, यांतील आम्ल दगडाला किंचित खाते, त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि घोटलेल्या पृष्ठभागावर निस्तेज ठिपका उरतो. तो डाग नव्हे. तेथला दगडच झिजलेला असतो. म्हणून तो घासून जात नाही, उलट घासल्याने वाढतो. खनिजांच्या कठीणपणाची मोहस नावाची मोजपट्टी आहे. तिच्यावर चुनखडीचा स्फटिक ३ वर येतो, तर ग्रॅनाइटमधील फेल्डस्पार ६ वर आणि क्वार्ट्झ ७ वर. पोलादी सुरी साधारण साडेपाचच्या आसपास. म्हणजे सुरी संगमरवराला ओरखडते, आणि ग्रॅनाइट सुरीची धार घालवतो. आमसुलाचे सार आणि चिंचेची आमटी ज्या घरात नेहमीची, त्या घरी पांढरा संगमरवर ओट्याला लावणे म्हणजे रोजच्या भांडणाला जागा करून देणे होय. तोच संगमरवर भिंतीवर, शेगडीपासून दूर, सुखाने नांदेल. शेगडीमागे मात्र नाही. तेथे तेल त्याच्या सूक्ष्म रंध्रांत शिरते आणि कायमची काळसर छटा धरते.

ही परीक्षा घरी करता येते. दुकानातून नमुन्याचा तुकडा आणावा. त्यावर लिंबाचे चार थेंब, हळद घातलेल्या तेलाचा एक ठिपका आणि पाण्याचा एक थेंब ठेवून रात्र जाऊ द्यावी. सकाळी लिंबाखाली चमक गेली तर दगड चुनखडीचा. पाण्याखाली रंग गडद झाला तर दगड शोषणारा. काळा ग्रॅनाइट असेल तर नखांचा रंग काढण्याच्या द्रवात पांढरा कापूस भिजवून तो घासावा. कापूस काळा झाला तर काळेपणा दगडाचा नसून वर चढवलेल्या रंगाचा आहे, असे समजावे. विक्रेत्याच्या आश्वासनापेक्षा हा एका रात्रीचा प्रयोग अधिक विश्वासू आहे.

आता ‘एकच दगड’ या पक्षाची खरी बाजू मांडू. ती दिसण्याची नाही, सांध्यांची आहे. लाद्यांच्या भिंतीत दुबळी जागा लादी नसते. लादीवर काचेसारखी झिलई असते. तिच्यातून काही आत जात नाही. दुबळी असते ती दोन लाद्यांमधली सिमेंटची रेघ. ती सच्छिद्र असते, तेल पिते, पिवळी होते आणि सणाच्या आदल्या दिवशी कोणीतरी जुना दातांचा ब्रश घेऊन ती घासत बसते. ते काम कोण करते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. भिंतीला अखंड फरशी लावली तर ही रेघच नाहीशी होते. या युक्तिवादात तथ्य आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोठ्या हॉटेलांच्या मुदपाकखान्यात ओटा आणि भिंत दोन्ही स्टेनलेस पोलादाची करतात, कोपरा वाकवून गोल करतात, त्याचे कारणही हेच. सारवलेल्या कोपऱ्याचेच तत्त्व तेथे पोलादात उतरले आहे.

परंतु दगडाचा कोपरा पोलादासारखा वाकत नाही. ओटा आणि भिंत एकाच ग्रॅनाइटची केली, तरी जेथे ती भेटतात तेथे सांधा राहतोच, आणि हाच सांधा सर्वांत महत्त्वाचा आहे. ओटा आपल्या आधारांवर उभा असतो, भिंत स्वतःच्या पायावर. खलबत्त्याच्या ठोक्याने ओटा हादरतो, भिंत हादरत नाही. तेथे व्हाइट सिमेंट भरले की लवकरच केसाएवढी चीर पडते. चिरेतून पाणी, पाण्यामागून ओल आणि ओलीमागून झुरळे. म्हणून या एका सांध्यात ताठ सिमेंट न भरता रबरासारखे लवचीक सिलिकोन भरावे आणि ते सुटू लागले की काढून नवे भरावे. जिन्नस एक असो की दोन, हा सांधा नीट केला तर बहुतेक काम साधले.

दुसरा विचार वजनाचा. ग्रॅनाइट पाण्याच्या सुमारे २.७ पट जड. १८ मिलिमीटर जाडीच्या फरशीचे वजन चौरस फुटाला साडेचार किलोच्या घरात जाते. ओटा १० फूट लांब आणि मागची पट्टी २ फूट उंच धरली, तर २० चौरस फुटांचे ९० किलो भिंतीवर चिकटवून उभे करायचे. ओट्यावर हे वजन निजलेले असते. भिंतीवर ते सुटून खाली येऊ पाहते. घोटीव, न शोषणाऱ्या दगडाला नुसत्या सिमेंटच्या पाण्याची पकड चांगली बसत नाही. त्यासाठी दगडाकरिता बनवलेले चिकटद्रव्य, मागील बाजूचा खडबडीतपणा आणि तळाशी पक्का आधार लागतो. लादी याहून पुष्कळ हलकी, आणि एक फुटली तर एकच बदलता येते. अखंड फरशीमागे नळाची नळी गळू लागली तर काय करायचे, हा प्रश्न फरशी बसवण्यापूर्वीच विचारलेला बरा.

तिसरा विचार उजेडाचा. ओटा काळा ठेवण्याची आपली रीत आहे. भिंतही काळी केली की खिडकीचा आणि दिव्याचा उजेड गिळला जातो. स्वयंपाक करणाऱ्याची स्वतःची सावली चिरण्याच्या जागेवर पडते, आणि तांदळातला खडा दिसेनासा होतो. फिकट भिंत तोच उजेड परत ओट्यावर टाकते. काळ्या रंगावर घाण दिसत नाही, असे कौतुकाने सांगतात. पण न दिसणारी घाण ही गेलेली घाण नव्हे. उलट बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ओघळ काळ्यावरच अधिक उठून दिसतात.

क्वार्ट्झ म्हणून विकला जाणारा कृत्रिम दगड एकाच जिनसाच्या हौसेला फार सोयीचा असतो, कारण त्याच्या मोठमोठ्या फरश्या एकसारख्या रंगात निघतात. त्यात सुमारे नऊ-दशांश क्वार्ट्झची भुकटी आणि उरलेले राळेसारखे रसायन असते. त्याला आम्ल खात नाही, तेल मुरत नाही. पण ती राळ साधारण १५० अंश सेल्सियसच्या पुढे बिघडू लागते, आणि फोडणीची कढई त्याहून तापलेली असते. ओट्यावर उतरणी ठेवण्याची शिस्त हवी. शेगडीला अगदी लागून असलेल्या भिंतीवर तर तो नसलेला बरा.

आणि याच दगडाच्या निमित्ताने एक गोष्ट सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. क्वार्ट्झ म्हणजे सिलिका. सिलिकायुक्त दगड कोरडा कापला की डोळ्यांना न दिसणारी धूळ उडते, ती फुप्फुसाच्या शेवटच्या पोकळ्यांपर्यंत पोचते आणि तेथे व्रण धरतात. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही, आणि त्यामागून क्षयाचा धोका वाढतो. आपल्या देशाला हा रोग नवा नाही. मंदसौरचे पाटीच्या पेन्सिली करणारे आणि खंबायतचे अकीक घासणारे कामगार त्याने खंगले. १९४८ च्या कारखाने कायद्यात त्याची नोंद रोगांच्या यादीत झाली होती. ऑस्ट्रेलियात कृत्रिम दगड कापणाऱ्या तरुण कारागिरांत हा रोग इतका आढळला, की त्या देशाने १ जुलै २०२४ पासून या दगडाची निर्मिती, पुरवठा, कापणी आणि बसवणी यांवर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते. प्रमाण कमी, पण धूळ निरुपद्रवी नव्हे.

याचा आपल्या भिंतीशी संबंध कोणता? ओट्याला सिंकचे एक भोक आणि शेगडीची एक खाच पुरते. भिंतीला मात्र प्रत्येक विजेच्या बोर्डासाठी, प्रत्येक नळासाठी, खिडकीच्या चौकटीसाठी वेगळी कापणी लागते. ही कापणी बहुधा जिन्यात किंवा गॅलरीत, नाकाला रुमाल बांधून, पाण्यावाचून होते. आपण शेजाऱ्याला धुळीचा त्रास नको म्हणून दार लावून घेतो. आपल्या घरात बसलेली धूळ दोन दिवसांत पुसली जाते. कारागिराच्या छातीत बसलेली पुसता येत नाही. म्हणून दगड कोणताही घेतला, तरी मापे आधी देऊन कापणी शक्यतो कारखान्यात पाण्याखाली करून घ्यावी, आणि जागेवर कापावेच लागले तर पाण्याची धार आणि योग्य मुखपट्टी यांची अट कामाच्या बोलीत आधीच घालावी. त्याचे चार पैसे जास्त पडले तर ते द्यावेत.

एवढ्या विवेचनानंतर आमचे मत असे. सामान्य मराठी घराला ओटा ग्रॅनाइटचा, त्याच ग्रॅनाइटची चार-सहा इंच उंचीची पट्टी भिंतीला, आणि वर फिकट रंगाच्या मोठ्या लाद्या, हा मार्ग सर्वांत सोयीचा. जेथे पाणी साचते तेथे दगड, जेथे शिंतोडे उडतात तेथे झिलई. लाद्या जितक्या मोठ्या तितक्या रेघा कमी. आणि त्या रेघांत साध्या सिमेंटऐवजी न शोषणारे इपॉक्सी भरले तर दातांच्या ब्रशाला सुट्टी मिळते. पट्टीच्या वरच्या कडेला पाणी थांबू नये म्हणून ती पुढे किंचित उतरती घासून घ्यावी. ज्यांना ओटा-भिंत एकच हवी, ऐपत आहे आणि भिंत भक्कम आहे, त्यांनी फिकट पण घट्ट पोताचा ग्रॅनाइट निवडावा. त्यात काही वावगे नाही. मात्र दुकानात निर्णय होत असताना ओटा रोज पुसणारी व्यक्ती घरी आणि पैसे देणारी तेवढी दुकानात, असे होऊ नये. ओट्याची उंची, रंग आणि जिन्नस यांवर पहिला शब्द त्या व्यक्तीचा असावा, मग ती घरातली गृहिणी असो, सून असो, मुलगा असो की कामाला येणाऱ्या मावशी असोत.