जत्रेतली चित्रं

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीला केदारेश्वराचं बाराव्या शतकातलं चालुक्यकालीन मंदिर आहे. त्याच्या बाह्य भिंतींवर सुरसुंदरींची रांग आहे. कुणी नाचते आहे, तर एक पत्र लिहिते आहे. देवाच्या आधी भक्ताला भेटते ती ही करमणूक, आणि मला ती मंदिराइतकीच पवित्र वाटते.

हे मंदिर ज्या राजवटीचं, त्याच कल्याणी चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर. कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. त्याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ ११३०च्या आसपासचा. चित्रासाठी भिंत कशी तयार करावी, म्हशीच्या चामड्यापासून वज्रलेप कसा शिजवावा, कुंचले कसे बांधावेत, हे त्यात बारकाईनं सांगितलं आहे. पण मला जास्त मोह पडतो तो त्यातल्या विनोदांचा, म्हणजे करमणुकीच्या प्रकरणांचा: मल्लांच्या कुस्त्या, हत्तींचे खेळ, कोंबड्यांच्या झुंजी, गाणं, नाच, कथा. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या म्हणतात, ही नोंदही तिथलीच. आणि याच ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख येतो. चित्र दाखवत गोष्ट सांगणारा हा कलावंत आपल्याकडे जवळजवळ नऊशे वर्षं जुना आहे.

युरोपात चित्रकार खेळ पाहायला गेला, हे इथे आठवावंसं वाटतं. पॅरिसच्या फर्नांदो सर्कशीत दातांनी दोर धरून छताशी लोंबकळणारी कसरतपटू ला ला ही चित्रकार देगानं १८७९ मध्ये रंगवली. चित्रकार सराचं ‘सर्कस’ त्याच्या मृत्यूमुळे १८९१ मध्ये अपुरं राहिलं. पिकासोनं १९०५ मध्ये भटक्या खेळकऱ्यांचं कुटुंब रंगवलं. ते ओसाड माळावर उभं आहे, समोर प्रेक्षक नाही. तिन्ही चित्रं थोर आहेत, पण तिन्हींत चित्रकार बाहेर उभा आहे. आपल्याकडे विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ काढली. तिच्याबरोबर रहिमतखाँचं गाणंही गावोगाव फिरलं. अशा तंबूला आपला देगा मिळाला नाही, याची खंत वाटते.

मात्र आपलं चित्र स्वतःच खेळात उतरलं होतं. बीडच्याच गेवराई तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे. तिच्या काठानं वर गेलं की पैठण. तिथल्या नावानं ओळखली जाणारी चित्रकथी शैली मराठवाड्याची खरी चित्रसंपत्ती. मोठे टपोरे डोळे, एका बाजूनं दिसणारे चेहरे, सपाट लाल-हिरवे रंग, राम-रावणांपासून पांडवांपर्यंतच्या कथा. दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली, म्हणजे पान उलटलं की प्रसंग बदलतो. गोष्ट सांगणारा गाऊ लागला, की समोरच्यांना युद्ध दिसू लागायचं. इतकी ठसठशीत रेघ लागते ती यासाठीच: मागच्या ओळीत बसलेल्यालाही ओळखू यायला हवं. या रेघेला ‘अडाणी’ म्हणणाऱ्यांनी ती दुरून पाहावी.

शब्द आणि आकृती एकत्र येण्याचं आणखी एक उदाहरण बीडमधल्या अंबाजोगाईला आहे: संतकवी दासोपंतांची पासोडी. कित्येक हात लांब कापडावर त्यांनी पंचीकरण हा वेदान्तातला विषय मांडला. चित्रकथीच्या पानांसारखी ती गावोगाव फिरायची नाही. वेदान्त असा पसरून वाचकाच्या डोळ्यांपुढे ठेवण्याची उमेद मला विलक्षण वाटते.

पैठणच्या चित्रकथी पोथ्या आज संग्रहालयांत आहेत. पुण्याच्या केळकर संग्रहालयातही त्या पाहता येतात. काचेमागे रंग टिकतात, पण गोष्ट थांबते. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत मात्र ठाकर कलावंत वीणा, टाळ आणि हुडुकाच्या साथीनं चित्रं दाखवतात. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. संग्रहालयांनी पिंगुळीकरांना बोलवावं आणि पैठणच्या पानांसमोर गायला लावावं. चाल पिंगुळीची असेल, पण राम-रावण तेच आहेत.