दोन पिंजरे, एक कायदा

रायपूरच्या शंकर नगरात शेजारी-शेजारी दोन पिंजरे टांगले आहेत, अशी कल्पना करा. एकात आपला हिरवा राघू, दुसऱ्यात आफ्रिकेतला करडा पोपट. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पहिला पाळणे गुन्हा आहे. दुसरा मात्र रीतसर नोंदणी केल्यास वैध. 2022 च्या दुरुस्तीने ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय करारातील प्रजाती कायद्याच्या कक्षेत आणल्या, तर 2024 च्या नियमांनी त्यांची ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंद सक्तीची केली. हे पाऊल स्वागतार्हच. परंतु 2020 च्या स्वेच्छा-घोषणा योजनेत मुदतीत माहिती देणाऱ्याकडे प्राणी कोठून आणला याची कागदपत्रे मागितली गेली नव्हती.

ऑगस्ट 2024 मध्ये छत्तीसगढच्या वनविभागाने पिंजऱ्यातील पोपट जमा करण्याचा आदेश काढला आणि लवकरच घरगुती पोपटांवरील कारवाई थांबवली. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय केवळ फर्मानाने सुटत नाही. तेव्हा पहिला घाव पारध आणि विक्रीवर पडावा; विदेशी प्राण्यांच्या नोंदीत त्यांचे मूळही काटेकोरपणे तपासले जावे. अन्यथा नोंदणीचा दाखला चोरट्या व्यापाराचीच पावती ठरेल.