संधि कीं शरणागति?

आमचें घर नाशकांत द्वारकेजवळ आहे. मुंबईहून आग्र्यास जाणारा हमरस्ता आणि पुण्याचा रस्ता या ठिकाणीं एकमेकांस मिळतात. आतां डोक्यावरून उड्डाणपूल गेला आहे, आणि खालीं वाहनांची गर्दी अशी कीं माझ्यासारख्या म्हाताऱ्यास देवाचें नांव घेऊनच रस्ता ओलांडावा लागतो. तरी सकाळीं फिरावयास निघालों म्हणजे या चौकाशीं मी क्षणभर थांबतोंच. येथून एक वाट मालेगांवास जाते. दुसरी पुण्यास, आणि तेथून पुढें कऱ्हाडास. या दोन वाटांवरचे दोन पुढारी, मालेगांवकडचे भाऊसाहेब हिरे आणि कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण, सन १९५६ सालीं एकाच पदासाठीं समोरासमोर उभे राहिले होते. त्या चुरशीची हकीकत आजच्या तरुण मंडळीस फारशी ठाऊक नसते, आणि ज्यांस ठाऊक होती तीं माणसें एकेक करून निघून चाललीं आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

निमित्त मात्र घरांतलेंच. माझ्या धाकट्या बंधूंची नात कायद्याचा अभ्यास करते. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर तिनें हातांतलें वर्तमानपत्र खालीं ठेवलें आणि मला विचारलें, "आजोबा, ज्याला पक्षाचा पुढारी व्हायचं आहे, त्यानं 'मी इतरांशी जुळवून घेईन' असं आधीच सांगावं, की शेवटपर्यंत ताठ राहावं? जुळवून घेणं म्हणजे हारच ना?"

मीं लागलीच उत्तर दिलें नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत महाराष्ट्रानें युत्या जुळतांना व मोडतांना, आणि पक्ष दुभंगतांना इतक्या वेळां पाहिलें आहे कीं 'तडजोड' हा शब्दच मळून गेला आहे. पोरीनें असा प्रश्न विचारावा यांत तिचा दोष नव्हता.

मीं जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें. राजकारण मला व्याकरणाच्या वाटेनेंच थोडेंफार कळतें. राजनीतीच्या सहा गुणांत पहिला गुण संधि, आणि व्याकरण शिकणाऱ्या विद्यार्थ्यासहि आरंभीं संधीच शिकावा लागतो. दोन निराळ्या गोष्टींनीं एकत्र नांदावयाचें म्हणजे कांहीं तरी सोडावें लागतें, हा अर्थ दोन्हीकडे सारखाच. पण सोडण्याच्या रीति निराळ्या आहेत. 'अ' आणि 'इ' एकत्र आले म्हणजे दोघेहि आपलें रूप टाकतात आणि 'ए' हा तिसराच वर्ण उभा राहतो. 'कः' आणि 'अपि' यांचें 'कोऽपि' होतें तेव्हां 'अ' लोपतो. मात्र लिहिणारा त्याच्या जागीं अवग्रहाचें चिन्ह ठेवतो, म्हणजे येथें कांहीं होतें हें वाचणाऱ्यास कळतें. आणि द्विवचनाचीं ईकारान्त, ऊकारान्त व एकारान्त रूपें अशीं आहेत कीं पुढें कोणताहि स्वर येवो, तीं आपलें रूप सोडीत नाहींत. त्यांस 'प्रगृह्य' म्हणतात. पुढारी होऊं पाहणाऱ्यासहि हेंच आधीं ठरवावें लागतें : आपलें प्रगृह्य कोणतें, आणि जें सोडावें लागेल त्याचा अवग्रह आपण ठेवणार कीं नाहीं.

आतां मूळ हकीकतीकडे वळूं. सप्टेंबर १९५३ मध्यें नागपूर करार झाला. पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा येथील पुढाऱ्यांनीं एका राज्यांत येण्याचें मान्य केलें. त्यासाठीं नागपुरास दरवर्षीं विधिमंडळाचें एक अधिवेशन भरावें, आणि खर्च, शिक्षण व नोकऱ्या यांत प्रत्येक भागास लोकसंख्येच्या मानानें वांटा मिळावा, अशा अटी ठरल्या. या करारावर हिरे आणि चव्हाण या दोघांच्याहि सह्या आहेत. तेव्हां ध्येयाविषयीं दोघांत मतभेद नव्हता.

वाटा फुटल्या त्या पुढें. राज्यपुनर्रचना मंडळानें १९५५ सालीं विदर्भाचें निराळें राज्य सुचविलें आणि उरलेला मराठी मुलूख गुजरातबरोबर ठेवला. महाराष्ट्र खवळला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत फलटणच्या बैठकींत चव्हाणांनीं आपला कौल उघड दिला : संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरूंचें नेतृत्व यांत निवड करण्याची वेळ आलीच, तर आपण नेहरूंच्या बाजूस राहूं. लोकांनीं त्यांस सूर्याजी पिसाळाच्या पंक्तीस बसविलें. जानेवारी १९५६ मध्यें मुंबई केंद्राच्या अमलाखालीं ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला, आणि मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबारांत माणसें पडलीं. या लढ्याचे १०६ हुतात्मे आज गणले जातात.

६ फेब्रुवारी १९५६ रोजीं पुण्यांत संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. हीहि एक तडजोडच होती, हें आपण विसरतों. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, हिंदुमहासभा, जनसंघ यांचें एरवीं एकमेकांशीं क्षणभर पटलें नसतें. ते एका मागणीसाठीं एका मांडवाखालीं आले. एस. एम. जोशी, डांगे, अत्रे यांनीं आपापसांतलीं जुनीं भांडणें बाजूस ठेवलीं. म्हणजे समितीवाले तेवढे ताठ आणि काँग्रेसवाले तेवढे वांकणारे, ही समजूत खरी नव्हे. तडजोड दोन्हीकडे होती. वाद होता तो ती कोणाशीं आणि कशासाठीं करावी याचा.

ऑगस्ट १९५६ मध्यें संसदेनें तिसराच तोडगा काढला : गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, विदर्भ, मराठवाडा आणि मुंबई यांसह एकच विशाल द्वैभाषिक राज्य. अहमदाबादेसहि तें नको होतें. तेथेंहि गोळीबार झाला आणि इंदुलाल याज्ञिकांच्या पुढाकारानें महागुजरातची चळवळ उभी राहिली. असल्या, कोणासच नकोशा राज्याचा पुढारी कोण व्हावा, हा प्रश्न ऑक्टोबरांत काँग्रेसच्या विधिमंडळ पक्षापुढें आला. मोरारजी देसाई यांस निवड बिनविरोध हवी होती. हिरे यांनीं लढण्याचें ठरविल्यावर मोरारजींनीं आपलें नांव मागें घेतलें, आणि चव्हाण उभे राहिले. हिरे वयानें वडील, महसूलमंत्री म्हणून गाजलेले, आमच्या नाशिक जिल्ह्याचे भूषण. चव्हाणांचें वय त्रेचाळीस. मतें मोजलीं तेव्हां चव्हाणांस ३३३ आणि हिरे यांस १११ मिळालीं होतीं. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं चव्हाण मुख्यमंत्री झाले.

माझा जन्म त्यानंतरचा. पण त्या दिवसांची आठवण आमच्या घरांत इतक्या वेळां निघे कीं ती मला स्वतःचीच वाटते. थोरले काका समितीचे, सत्याग्रहांत तुरुंगवास भोगून आलेले. वडील शाळामास्तर, काँग्रेसच्या विचाराचे. काकांचें म्हणणें, "हीं तीनशें तेहतीस मतें मराठी माणसाचीं नव्हेत, गुजराती आमदारांच्या खांद्यावर बसून हा गृहस्थ सिंहासनावर चढला." वडिलांचें म्हणणें, "दादा, मुंबई दिल्लीच्या हातीं जात होती. आज ती आपण राहतों त्याच राज्यांत आहे. घरांत राहिलेली वस्तु उद्यां मागतां येते. बाहेर गेलेली कोण आणून देणार?" दोघे पंक्तीस शेजारीं बसत, पण एकमेकांस मीठ मागावयाचें तें आजीकरवीं. असें तीन वर्षांहून अधिक चाललें.

दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य होतें, असें मला आज दिसतें. १९५७ च्या निवडणुकींत काकांचें म्हणणें खरें ठरलें. पश्चिम महाराष्ट्रांत समितीनें काँग्रेसचा धुव्वा उडविला. स्वतः चव्हाण कऱ्हाडांत थोडक्यांत निभावले. एकंदर ३९६ जागांपैकीं काँग्रेसला २३४ मिळाल्या त्या मुख्यतः गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या बळावर. ज्या लोकांच्या नांवानें राज्य करावयाचें त्यांनींच पाठ फिरविलेली, आणि ज्यांच्या आधारावर राज्य उभें त्यांसहि तें राज्य नको.

चव्हाणांच्या रीतीची कसोटी येथें लागली, आणि तिच्यांतून शिकण्यासारखें जें आहे तेंहि येथेंच आहे. त्यांनीं आपला कौल पद मिळण्यापूर्वीं सांगितला होता. पद मिळाल्यावर तो फिरविला नाहीं. द्वैभाषिक लवकर मोडावें म्हणून त्याचा कारभार बिघडूं दिला नाहीं. लोकांच्या विरोधास कट म्हटलें नाहीं. ३० नोव्हेंबर १९५७ रोजीं नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचें अनावरण करण्यास आले, तेव्हां समितीनें त्यांच्या वाटेवर प्रचंड जनसमुदाय उभा केला. काळीं निशाणें फडकलीं, घोषणा झाल्या. तरी सारें शांततेनें पार पडलें. याचें श्रेय एस. एम. जोशींच्या शिस्तीस जितकें, तितकेंच सरकारच्या संयमासहि दिलें पाहिजे. लोकांचें मन काय आहे तें नेहरूंनीं त्या दिवशीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें. पुढें द्वैभाषिक चालावयाचें नाहीं असें चव्हाणांनीं दिल्लीस सांगितलें, तेव्हां तो शब्द मानला गेला. कारण तें प्रामाणिकपणें चालवून पाहिलेल्या माणसाचा तो शब्द होता.

१ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. त्या दुपारीं घरांत गोडाचा स्वयंपाक होता. काकांनीं आजीकडे न पाहतां वडिलांस म्हटलें, "मीठ सरकव रे जरा इकडे."

तरी ही कथा येथेंच 'साठां उत्तरांची कहाणी' म्हणून संपवितां येत नाहीं. राज्य मिळविण्याचें यश एकट्या चव्हाणांच्या पदरीं टाकणें हा हुतात्म्यांवर अन्याय होईल. बाहेर समितीचा आग्रह नसता, तर आंतल्या धीराचें दिल्लीस काय मोल वाटलें असतें? आणि आग्रहाचा निरोप विश्वासानें ऐकला जाईल असा माणूस आंत नसता, तर तो आग्रह आणखी किती वर्षें रस्त्यावरच राहिला असता? मुंबई आणि मराठी मुलखाचें ऐक्य हें अखेर दोघांचेंहि प्रगृह्य होतें. म्हणूनच परस्परांविरुद्ध उभे राहूनहि दोघे एकाच ठिकाणीं पोहोंचले.

मग अवग्रहाचें काय? आमच्या सुरगाण्यास लागून असलेला डांग गुजरातेंत गेला. उंबरगांवकडचीं आणि पश्चिम खानदेशांतलीं कांहीं गांवें गेलीं. गुजरातला आर्थिक भरपाई द्यावी लागली. बेळगांव, निपाणी, कारवार हीं तर १९५६ सालींच म्हैसूर राज्यांत गेलेलीं. बेळगांवसाठीं महाराष्ट्रास २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. दरवर्षीं १ मेचे सोहळे होतात. त्यांत डांगचें नांव कोणाच्या तोंडून ऐकल्याचें मला आठवत नाहीं. जें मिळालें त्याचा उत्सव केला, जें सोडलें त्याची खूण ठेवली नाहीं. हा दोष पुढाऱ्यांचा, तसा तुमचा आमचाहि.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. राज्य झाल्यावर चव्हाणांनीं जें राजकारण केलें त्यास 'बेरजेचें राजकारण' असें नांव पडलें. शेतकरी कामगार पक्षांतले कित्येक कर्ते पुरुष काँग्रेसमध्यें आले. वैर संपवावें, सर्वांस सामावून घ्यावें, हा हेतु उदारच होता. परंतु बेरीज करतां करतां उलट हिशेब विचारणारा कोणी उरला नाहीं, तर तें लोकशाहीस पथ्यकर नव्हे. सर्वांशीं जुळवून घेणाऱ्या पुढाऱ्यानें एक सावधगिरी बाळगावी : विरोधकास मान द्यावा, पण त्यास विरोधक म्हणून राहूंहि द्यावें.

आमच्या नाशकाशीं या कथेचा आणखी एक धागा जुळतो. १९६२ सालीं चीनचें आक्रमण झालें आणि चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीस गेले. त्यानंतर लवकरच ते लोकसभेवर निवडून आले ते नाशिकमधून, आणि तेहि बिनविरोध. ज्या जिल्ह्याच्या हिरे यांस त्यांनीं हरविलें होतें, त्याच जिल्ह्यानें त्यांस मतदानाशिवाय पाठविलें. हिरे त्यापूर्वींच, १९६१ सालीं, निवर्तले होते. काका त्या प्रसंगीं म्हणाले, "मत द्यायची वेळ आली नाही हे बरं झालं. मी ते यशवंतरावालाच दिलं असतं, आणि मग रात्रभर मला झोप आली नसती."

आतां नातीच्या प्रश्नाचें उत्तर. १९७८ सालच्या पुरोगामी लोकशाही दलापासून १९९९ व २०१९ च्या आघाड्यांपर्यंत, आणि २०२२ नंतरच्या नव्या जुळणीपर्यंत, एका पक्षाच्या बळावर राज्य चालण्याचे दिवस महाराष्ट्रांत विरळ होत गेले. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ सालीं झाला आणि २००३ सालीं अधिक कडक केला गेला. तरी पक्ष फुटावयाचे थांबले नाहींत. म्हणून मीं तिला म्हटलें, "बाळ, जुळवून घेणं ही हार नव्हे, पण न सांगता जुळवून घेणं ही फसवणूक आहे. पुढारी व्हायला जो उभा राहील, त्याला मतं मागण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्या. तू कोणाबरोबर जाशील? काय सोडशील? आणि काय जीव गेला तरी सोडणार नाहीस? ज्याला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, त्याच्या पहिल्या दोन उत्तरांना काही किंमत नाही."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग उठून फळीवरचा जुना नकाशासंग्रह काढून आणला, आणि म्हणाली, "आजोबा, डांग कुठे आहे ते दाखवा."

वाचकहो, आपल्या घरांतहि त्या काळीं कोणी काका, कोणी मास्तर असतील. त्यांच्या आठवणी ज्यांनीं ऐकल्या, तीं माणसें अजून आपल्यांत आहेत. एखाद्या संध्याकाळीं त्यांस विचारून पाहावें.