नुसताच बाणा

रविवार, 8 जून 2025. संध्याकाळचे सहा. बऱ्हाणपुरात काहीतरी कमी आहे असं स्टेशनवरून येताना सारखं वाटतंय. काय ते शनवाऱ्यावर रिक्षातून उतरल्यावर कळतं. खटखट नाही. एरवी इथल्या कुठल्याही बोळात शिरा, भिंतीपलीकडे यंत्रमाग चालूच असतात. दोन दिवस मुक्काम केला की तो आवाज कानांत मुरून जातो. काल बकरी ईद झाली, आज दुसरा दिवस. माग बंद आहेत आणि मागावर राबणारी माणसं कडक इस्त्रीच्या कुडत्यांत, पोराबाळांसकट, टॉकीजच्या दाराशी उभी आहेत.

आम्हीही त्याच रांगेत. मी भुसावळचा, इथं बहिणीकडे आलेला. सिनेमाचा हट्ट भाच्याचा. "मामा, दीड डझनावर कलाकार आहेत. त्यातला एक तरी हसवेल ना!"

खिडकीशी एक गृहस्थ अडून बसलेत. सिनेमा 'हाऊसफुल 5', परवा शुक्रवारी लागलेला. निर्मात्यांनी त्याच्या दोन आवृत्त्या काढल्यात, 'ए' आणि 'बी'. गोष्ट तीच, शेवटी खुनी वेगळा. आपल्याला कुठला खुनी मिळणार हे या गृहस्थांना पैसे देण्याआधी हवंय. खिडकीतला माणूस मान वर न करता सांगतो, "भाईसाब, कातिल कोई भी हो, कूलर वही रहेगा." सगळी रांग हसते. भाचा बोट वर करतो. एक.

आत कूलरचा ओला वास, त्यात अत्तर आणि पॉपकॉर्न. माझ्या डावीकडे भाचा. उजवीकडे पन्नाशीचे एक चाचा, मांडीवर नातू. "तीस साल से लूम पे हूँ," ते आपणहून सांगतात. "छुट्टी में घर पे बैठा नहीं जाता, इतना सन्नाटा!" सन्नाट्याला कंटाळून ते इथं आलेत. त्या दृष्टीनं त्यांनी सिनेमा बरोबर निवडलाय.

दिवे जातात. समुद्रात एक आलिशान जहाज. त्यावर एक अब्जाधीश, म्हणजे रणजीत, शंभराव्या वाढदिवसाच्या तोंडावर मरतो. इस्टेट जॉली नावाच्या मुलाला, आणि जॉली म्हणवणारे येतात तीन: रितेश देशमुख, अभिषेक बच्चन, अक्षय कुमार. प्रत्येकाच्या एन्ट्रीला शिट्ट्या पडतात. रितेशला मराठी कोपऱ्यातून जरा जास्तच. श्रेयस तळपदे, चंकी पांडे, फरदीन खान येतात. पुढे जॅकी श्रॉफ आणि संजय दत्त यायचेत, नाना पाटेकर यायचेत. नावं वाचूनच माणूस हसायच्या तयारीला लागावा, अशी ही पंगत.

आणि हॉल खरोखरच तयारीत आहे, हे मला इथून दिसतंय. माणसं पुढं सरकून बसलीत. ईदचं दोन दिवसांचं जेवण पोटात, सुट्टी खिशात, सोबत घरची सगळी. हसायला आलेल्या माणसाला हसवणं तसं अवघड नसतं. तो अर्धं काम घरूनच करून आलेला असतो.

पहिला विनोद पडतो. थोडं हसू. दुसरा त्याच्या अंगावरच पडतो. तिसरा त्याही आधी. जॉनी लिव्हर दिसतात आणि चाचा नातवाला उचलून उभा करतात, "देख, देख, जॉनी!" पोरगं डोळे फाडून बघतंय. जॉनीच्या चेहऱ्यावर आता कुठे काहीतरी उगवू लागलंय, भुवई निघालीय, ओठ वाकडा होतोय. तेवढ्यात पडद्यावर दुसरंच कोणीतरी ओरडायला लागतं. चाचा नातवाला खाली बसवतात.

मग बायकांच्या अंगावरून, कपड्यांवरून विनोद सुरू होतात. पुढच्या रांगेतली एक आई मुलीच्या हातात पॉपकॉर्नचा पुडा कोंबते आणि तिचं डोकं आपल्याकडे वळवते. तिचा नवरा मोबाइल काढतो. आता कोणीच कोणाकडे बघत नाही. विनोदी सिनेमात तर हसताना शेजारच्याकडे बघायचं असतं. तो हसतोय हे पाहून आपलं हसू दुप्पट होतं. इथं प्रत्येक जण एकटा पडत चाललाय, भरल्या हॉलमध्ये.

पडद्यावर एक बोलका पोपट आहे. तो येतो तेव्हा मागून मराठीत आवाज: "त्याचा नाही भो, आपला झाला पोपट!" मराठी कोपरा फुटतो. ज्यांना कळलं नाही त्यांना शेजारचे हिंदीत समजावून सांगतात, की ते हसतात, आणि हशा असा हप्त्याहप्त्यानं हॉलभर फिरतो. भाचा दुसरं बोट वर करतो. दोन. दोन्ही पडद्याबाहेरचे.

मध्यंतर. चहाच्या टपरीशी चाचा भेटतात. मी विचारतो, "कसा वाटला?" ते चहावर फुंकर घालतात. या माणसाला सिनेमाबद्दल वाईट बोलायचं नाहीये. सुट्टीचा दिवस आहे, पैसे गेलेत. पण तीस वर्षं कापड हाताखालून गेलेलं आहे, तेव्हा खोट दिसल्याशिवाय राहत नाही.

"साहब, सब बाना ही बाना है," ते म्हणतात. "ताना किधर है?"

मी त्यांच्याकडे बघत राहतो. ताणा म्हणजे मागावर आधी लावून ठेवलेले उभे धागे. ते ताणून बसतात, बाकी काही करत नाहीत. बाणा म्हणजे धोट्याबरोबर इकडून तिकडे पळणारा आडवा धागा. धावपळ सगळी बाण्याची, पण ताणा नसेल तर धोटा कितीही पळाला तरी कापड होत नाही. खाली सुताचा गुंता जमतो.

मला 'अशी ही बनवाबनवी' आठवते. 1988 सालची, सचिन पिळगांवकरांनी दिग्दर्शित केलेली. बहिणीच्या घरी ती टीव्हीवर लागली की स्वयंपाक थांबतो. त्यातला सत्तर रुपयांचा प्रसंग. अशोक सराफ थापेवर थाप मारत जातात, तो झाला बाणा. पण आपण फुटतो ते सुधीर जोशींच्या घरमालकाच्या चेहऱ्यामुळे. तो माणूस ऐकतो. मन लावून ऐकतो, थाप त्याला हळूहळू पटत जाते, आणि पटताना दिसते. दिग्दर्शक तिथं कॅमेरा थांबवतो. 2007 च्या 'वेलकम'मध्ये नानांचा उदय शेट्टी हसवतो, कारण तो अभिनयाचं खूळ डोक्यात घेऊन जिवावर उदार झाल्यासारखा गंभीर असतो आणि शेजारी अनिल कपूरचा मजनू ते निमूट सोसत असतो.

आजच्या जहाजावर ऐकायला कोणी ठेवलेलंच नाही. एवढ्या नामवंतांना बोलावलं, तर प्रत्येकाला वाक्य द्यायला हवं. एकाला ऐकणारा करून उभं ठेवायचं, तर त्याचा मान जातो. म्हणून सगळेच बोलतात. कलाकारांत कसर नाही. त्यांच्यातला कुठलाही एक आणि ऐकणारा एक, एवढे दोघे एका खोलीत बसवले असते तरी भागलं असतं.

घंटा होते. आत गेल्यावर दिसतं, दोन रांगा विरळ झाल्यात.

उत्तरार्धात नाना येतात. पोलीस अधिकारी, नाव दगडू. नाव ऐकूनच आमचा कोपरा जागा होतो. फुगडीच्या गाण्यावर दोन मुली बाकांच्या मधल्या जागेत हात धरून गरगरायला लागतात. एकीचा ईदचा शरारा, दुसरीचा साधा फ्रॉक. पाच मिनिटं हॉल पुन्हा एक होतो. मग जहाज आपल्या मार्गाला लागतं.

शेवटच्या वीस मिनिटांत खुनी उघडा पडू लागतो, आणि नेमकं कोणालाच त्याचं कुतूहल उरलेलं नाही. बाल्कनीतून एक पोरगा ओरडतो, "चलो रे असीरगढ! वहाँ खोदेंगे तो कुछ निकलेगा!"

हा हशा आजचा सगळ्यात मोठा. बऱ्हाणपुराबाहेरच्याला तो कळायचा नाही. फेब्रुवारीत 'छावा' सिनेमा आला. 1681 साली संभाजी महाराजांच्या फौजेनं हे शहर लुटलं होतं, आणि त्या पडद्यावर या गावानं स्वतःला पाहिलं. ते पाहून मार्चमध्ये जवळच्या असीरगड किल्ल्याखालच्या शेतांत माणसं रात्री बॅटऱ्या घेऊन मोगलांचं सोनं खणू लागली. देशभरच्या वाहिन्यांनी ते दाखवलं. भाचा तिसरं बोट वर करतो आणि हात खाली घेतो.

नऊ वाजून गेलेत. बाहेर ढग आहेत, पाऊस नाही. मृगाची वाट सगळेच बघतायत. दाराशी दोघं जण 'बी'मधला खुनी कोण यावर वाद घालताहेत आणि तिकीट काढून खात्री करायची तयारी दोघांचीही नाही. चाचा आम्हाला सोडत नाहीत. "ईद है, मुँह मीठा कर के जाओ." कोपऱ्यावरच्या गाड्यावर माव्याची जिलबी तळली जातेय, काळपट तपकिरी, जाड. आम्ही द्रोण घेऊन फूटपाथच्या कडेला बसतो.

खोदण्याचा विषय निघालाच आहे, तर भाचा सांगू लागतो. "आमच्या ओळखीचा एक जण गेला होता ना असीरगडला."

"फिर?" चाचा विचारतात. चेहऱ्यावर काही नाही.

"रात्रभर खणलं त्यानं. एका खड्ड्यात नाही सापडलं, तर पाच फूट सोडून दुसरा. तिथं नाही, तर परत पाच फूट सोडून तिसरा."

"फिर?" जिलबीचा घास हातातच राहिलाय.

"असे पहाटेपर्यंत चाळीस-पन्नास खड्डे. उजाडलं. बघतो तर बांधावर शेताचा मालक उभा."

"फिर?"

"मालक खड्डे बघत गेला या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, पाटील, ओळ एकदम सरळ आलीय. मृगाला केळी लावतो. उद्या रात्री तेवढा वरचा तुकडाही करून टाका."

चाचा हसत नाहीत. ते एक क्षण भाच्याकडे बघत राहतात, अगदी हिशेब तपासल्यासारखे. पाच फुटांवर खड्डा, पाच फुटांवर केळी. मग त्यांचे खांदे हलायला लागतात, द्रोणातला पाक कुडत्यावर सांडतो, आणि मांडीवरचा नातू, ज्याला यातलं काहीच कळलेलं नाही, आजोबांच्या तोंडाकडे बघून खिदळायला लागतो. जिलबीवाला झारा कढईवर तसाच धरून विचारतो, "क्या हुआ, क्या हुआ?"

"बैठ," चाचा डोळे पुसत त्याला सांगतात. भाच्याकडे वळून म्हणतात, "शुरू से बोल."