काचनळीची डुबकी

जानेवारी ते मार्च, द्राक्षांची तोड चालू असते तोवर नाशिकच्या वायनऱ्यांत कुणाला उसंत नसते. सुला वायनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, पुढच्याच वर्षी राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण आले आणि गंगापूर धरणापासून विंचूरपर्यंत स्टीलच्या टाक्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या रसाचे काय चालले आहे, हे सांगणारे सर्वांत जुने उपकरण मात्र वीतभर काचेचे आहे. हायड्रोमीटर. खाली छर्रे भरलेला फुगा, वर बारीक दांडा. ना बॅटरी, ना बटण.

बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनाइतके प्लावक बल वस्तूला वर ढकलते, हे आर्किमिडीजचे तत्त्व शाळेत सगळेच पाठ करतात. म्हणजे २० ग्रॅमची नळी तरंगायला पाण्यात २० घन सेंटिमीटर बुडावी लागते. २४ ब्रिक्सच्या, म्हणजे वजनाने २४ टक्के साखर असलेल्या रसाची घनता साधारण १.१० असते, तिथे तिला १८.२ पुरतात. फरक जेमतेम १.८ घन सेंटिमीटरचा. पण दांड्याचा छेद ०.३ चौरस सेंटिमीटर असेल, तर तोच फरक ६ सेंटिमीटर उंचीचा होऊन डोळ्यांना दिसतो. सगळी करामत दांड्याच्या बारीकपणात आहे.

यीस्ट साखर खाऊ लागले की नळी दिवसागणिक खाली जाते. अल्कोहोलची घनता ०.७९ च असल्याने साखर संपलेली वाइन पाण्याहूनही हलकी होते आणि ब्रिक्सचा आकडा शून्याखाली उतरतो. नवख्याला वाटते, नळी बिघडली!

नळी फसते ती बुडबुड्यांमुळे. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे चिकटून तिला उचलून धरतात आणि साखर आहे त्याहून जास्त दिसते. म्हणून नमुना ढवळून आधी वायू काढायचा, मग नळी गरकन फिरवून सोडायची. तापमानही पाहायचे. बहुतेक नळ्या २० अंश सेल्सिअसला जुळवलेल्या असतात. गार रसात आकडा फुगतो.

रेड वाइनच्या टाकीत हेच बुडबुडे साली वर उचलून त्यांचा जाड थर बांधतात. तो तसाच राहिला तर रंग नीट उतरत नाही आणि वरच्या अंगाला व्हिनेगरचे जंतू धरतात. त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा खालचा रस पंपाने वर सोडतात, नाहीतर थर दांड्याने खाली दाबतात. नळीसाठीचा नमुना त्यानंतरच काढावा. आधी काढला तर टाकीतल्या वरच्या-खालच्या रसाचे आकडे जुळत नाहीत.